दारातून दिसणारा लोटा

मागच्या महिन्यात परभणीला कलाशिक्षकांचं शिबिर झालं. शाल आणि नारळ घ्यायला मला बोलावलं होतं. पुण्याहून आलेला एक तरुण तज्ज्ञ पाऊण तास बोलला. त्यात ‘सर्जनशीलता’ हा शब्द इतक्या वेळा आला की माझ्या शेजारचे निवृत्त गुरुजी प्रत्येक वेळी मान हलवता हलवता शेवटी झोपी गेले. मुलांना मोकळं सोडा, असं तज्ज्ञांचं म्हणणं होतं. ते सांगताना, त्यांच्याच स्वागतासाठी तासभर उन्हात उभ्या केलेल्या पोरींकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही. मग मला पाच मिनिटं मिळाली. त्यातली दोन माइक खाली करण्यात गेली. तेव्हा जे सांगायचं होतं ते राहिलं. संपादकांनी पानं दिली आहेत, म्हणून इथे सांगतो.

मी चाळीसएक वर्षं ड्रॉइंग शिकवलं. त्यातली सुरुवातीची वर्षं निजामाच्या राज्यात, मानवतच्या शाळेत गेली. मी सर्जनशीलता शिकवली असं माझ्याने म्हणवत नाही. एकदा ती वाळवीच्या कृपेने माझ्या वर्गात शिरली होती. मी तिचं काय केलं, त्याची ही हकिगत आहे.

घरचा धंदा सोनाराचा. हात बारीक, डोळा मात्र काही खास नाही. मुंबईच्या दोन ड्रॉइंगच्या परीक्षा पास झालो होतो आणि तेवढ्यावर स्वतःला चित्रकार समजत होतो. नोकरी हंगामी होती. शाळेत शिक्षण सगळं उर्दूतून. माझ्या वर्गात चौतीस पोरं. तहसिलीतल्या पेशकाराचा यासीन, अडत्याचा बसलिंग, दोन मारवाडी, स्टेशनवरच्या बाबूचा तेलुगू बोलणारा मुलगा, बाकी आसपासच्या खेड्यांतली कुणब्यांची. घरी चार भाषा, शाळेत मात्र एकच. ड्रॉइंगला भाषा लागत नाही, असं सदर मुदर्रिस, म्हणजे आमचे हेडमास्तर, म्हणत. त्याचा अर्थ एवढाच की ज्या तासाला कुणाला काही शिकवायचं नसेल तो तास ड्रॉइंगचा.

आणि चौतिसावा लखू. जातीने महार. बाप रेल्वेत ग्यांगवर होता, म्हणून पोरगं शाळेत होतं. सरकारी हुकमाप्रमाणे शाळा सगळ्यांना खुली होती, त्यामुळे लखूचं नाव हजेरीत होतं. गावाच्या हुकमाप्रमाणे लखू मात्र व्हरांड्यात, दाराच्या चौकटीबाहेर बसे. दोन्ही हुकूम एकाच वेळी पाळले जात आणि कुणालाच त्यात काही विचित्र वाटत नसे. मलाही वाटत नव्हतं. मी हजेरी घेताना त्याच्या नावाला जरा मोठा आवाज काढत असे, इतकंच.

ड्रॉइंग शिकवायची तेव्हाची रीत सोपी होती. हैदराबादहून नमुन्यांची पुस्तकं येत. त्यात मोर, गुलाब, मिनार, कान असलेली सुरई. आधी पुस्तकातल्या चित्रावर चौकोन आखायचे, तेवढेच आपल्या कागदावर आखायचे, आणि रेघ ज्या चौकोनात जिथून जाते तिथून आपलीही न्यायची. ह्याला पट्टी लागते. डोळा लागलाच तर पट्टी पाहण्यापुरता. अशा चित्रकलेत बसलिंग पहिला. त्याचा मोर पुस्तकातल्या मोरावर ठेवून उजेडाला धरला तर पिसाचाही फरक सापडत नसे. अख्खी शाळा त्याला ‘मुसव्विर’, म्हणजे चित्रकार, म्हणायची. मीही त्याच्या बापाला सांगितलं होतं, ‘पोराच्या हातात देणगी आहे.’ त्या वाक्याची मला आजही लाज वाटते.

यासीनची वेगळीच अडचण. बापाने त्याला बजावलेलं होतं की जिवंत प्राणी काढायचा नाही. मोराच्या दिवशी त्याने नुसती पिसं काढली. मोर नाहीच, पण पिसं अशी की मोर नुकताच उठून गेला असावा. मी त्याला दहापैकी तीन दिले. मोर काढा म्हटल्यावर मोर नको का?

मग लढाईची वर्षं आली. कागद मिळेना, नवी पुस्तकं येईनात. एका सोमवारी कपाट उघडलं तर जुन्या पुस्तकांच्या जागी वाळवीचं वारूळ. नमुना नाही म्हणजे ड्रॉइंग नाही, आणि ड्रॉइंग नाही म्हणजे हंगामी ड्रॉइंगमास्तरही नाही. मी खोलीवर पळत जाऊन माझा पितळी लोटा आणला आणि टेबलावर ठेवला. यासीनच्या बापाने दिलेले तहसिलीतले रद्दी फॉर्म वाटले, त्यांची मागची बाजू कोरी असे.

‘समोरचा लोटा काढा,’ म्हणालो.

आता इथे धंद्यातली एक गोष्ट सांगतो. पोरं खाली टाटपट्टीवर बसलेली, लोटा टेबलावर, म्हणजे त्यांच्या डोळ्यांच्या वर. खालून पाहिलं तर लोट्याचं तोंड दिसत नाही, नुसती काठाची रेघ दिसते. तेहतीस पोरांनी मात्र लोट्याला छान लांबट गोल तोंड काढलं. का? तर लोट्याला तोंड असतं, हे त्यांना ठाऊक होतं. समोर लोटा असताना एकानेही लोट्याकडे पाहिलं नव्हतं. बसलिंगने तर कमाल केली. त्याच्या लोट्याला कान होता. पुस्तकातल्या सुरईचा कान माझ्या लोट्याला चिकटवला होता, आणि अतिशय सुबक.

मला यातलं काहीही खटकलं नाही. मला खटकला लखूचा कागद. त्यावर एक उभी जाड पट्टी, तिच्यापुढे पोरांच्या डोक्यांच्या मागच्या बाजू, शेंड्या, टोप्या, आणि त्या डोक्यांच्या वर अर्धा लोटा. उभा चिरल्यासारखा.

‘अर्धाच का? बाकीचा कुठे गेला?’

‘मला तेवढाच दिसायलाय, गुरुजी.’

वर्ग हसला. मी पट्टीचे दोन फटके दिले. रीतच होती तशी. लखूने हात मागे घेतला नाही, रडलाही नाही. उलट पुन्हा म्हणाला, ‘तेवढाच दिसतो. बसून बगा.’

ह्या उद्धटपणाला तिसरा फटका हवा होता. पण मला वाटलं, याला सगळ्यांदेखत खोटं पाडावं. मी उंबरठा ओलांडून बाहेर गेलो आणि त्याला उठवून त्याच्या जागी फरशीवर बसलो.

चौकट. डोकी. अर्धा लोटा. काठाची सरळ रेघ, तोंड नाही.

मी किती वेळ बसलो कोण जाणे. पोरांचं हसू थांबलं. मुंबईच्या दोन परीक्षा पास झालेल्या माणसाला आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी एक वस्तू दाखवली होती, आणि ज्याने दाखवली त्याच्या हातावर मी वळ उठवले होते. मी त्याची माफी मागितली नाही. त्या काळी मास्तर माफी मागत नसत. आजही मागत नाहीत, फक्त आता त्यावर शिबिरं घेतात.

पुढच्या तासापासून मी एक उद्योग सुरू केला. त्यात थोर विचार वगैरे काही नव्हता, मला नवा नमुना सापडला होता, एवढंच. पाच-पाच पोरांनी पाळीपाळीने दाराबाहेर बसायचं आणि तिथून दिसेल ते काढायचं. जागा लखूची. तो मधे बसे आणि बाकीचे त्याच्या आजूबाजूला, त्यामुळे कुणाला लोटा अख्खा दिसे, कुणाला नुसती कड. पहिल्या दिवशी त्याच्याशेजारी कुणी बसेना. यासीन सरकला. त्यात माणुसकी नव्हती, लखूकडे बापाने रेल्वेतून आणलेली लाल पेन्सिल होती आणि यासीनला ती हवी होती.

दाराबाहेर बसल्यावर यासीनची पंचाईत झाली. समोर डोकीच डोकी, आणि डोकी तर काढायची नाहीत. बराच वेळ तो नुसता बघत बसला. मग त्याने डोकी सोडून दिली आणि दोन डोक्यांच्या मधली रिकामी जागा काढली. एका जागेत टेबलाचा पाय, दुसरीत भिंतीचा तुकडा, तिसरीत लोट्याची कड. सगळ्या रिकाम्या जागा भरल्या आणि कागदावर आपोआप डोकी दिसायला लागली, एकही डोकं न काढता. ‘गुरुजी, मैंने नहीं बनाए, ये खुद आ गए,’ तो घाबरून म्हणाला. मी ड्रॉइंगमधलं निम्मं तिथे शिकलो. तो धडा मी पुढे तीस वर्षं स्वतःचा म्हणून सांगितला.

बसलिंगचे हाल झाले. चौकोन नाहीत, पुस्तक नाही. पहिल्या खेपेला तो रडला. दुसऱ्या खेपेला पुन्हा कान काढला. मी त्याला लोट्याजवळ नेलं, बोट फिरवायला लावलं. ‘कान कुठाय?’ ‘न्हाई.’ ‘मग?’ ‘पन असतो, गुरुजी.’ तिसऱ्या खेपेला मात्र त्याने वेडावाकडा, थरथरता, पण डोळ्यांनी पाहिलेला लोटा काढला. चौकट आणि डोक्यांसकट. मुसव्विर म्हणवणाऱ्या पोराचं ते पहिलं चित्र. त्याला ते इतकं आवडलं की तो कागद घरी घेऊन गेला. बापाला दाखवताना कुठे बसून काढलं तेही त्याने अभिमानाने सांगितलं.

दुसऱ्या दिवशी बसलिंगचे वडील शिवलिंगप्पा शाळेत हजर. कापसाचे मोठे अडते, शाळेच्या इमारतीचे मालकही तेच. गोड माणूस. आवाज चढवला नाही.

‘मास्तर, पोराला त्या जागंवर बसवलात म्हनं.’

‘तिथून वेगळं दिसतं, म्हणून. सगळेच बसतात.’

‘आमी न्हाई बगा जात मानत. आमच्यात न्हाईच ते.’

‘मग?’

‘लोक मानतेत. त्याला आमी काय करावं? बाजारात लय बोलायलेत. उद्या माज्या पोराची सोयरिक मोडली तर तुमी जोडनार का?’

सोयरिक! पोरगं तेरा वर्षांचं. पण जात न मानणारे लोक किती लांबचं बघतात, ते मला त्या दिवशी समजलं.

हेडमास्तरांनी मला बोलावून घेतलं. हैदराबादचे सभ्य गृहस्थ, बोलणं अत्तर लावल्यासारखं. त्यांना स्वतःला लखू आत बसला काय, बाहेर बसला काय, काहीच फरक पडत नव्हता. म्हणूनच तो बाहेर बसत होता. ते म्हणाले, ‘मास्टरसाब, आप ड्रॉइंग सिखाइए, बैठना मत सिखाइए. आपली नोकरी अजून हंगामी आहे, याद आहे ना?’

याद होती. दाराबाहेरचा उद्योग त्या दिवशी बंद झाला. पोरं आपापल्या टाटपट्टीवर, लखू बाहेर. कागद मी पेटीत ठेवून दिले.

दोन महिन्यांनी मुआयना ठरला. शाळा तपासायला मोठे इन्स्पेक्टरसाहेब येणार. चुना मारला, पोरांच्या टोप्या धुतल्या, माझ्यावर ड्रॉइंगची भिंत सजवायची जबाबदारी आली. हेडमास्तर म्हणाले, चांगली चित्रं लावा. मी पेटी उघडली. मला माझीच घमेंड नडली. पेटीतले लोटे बसलिंगच्या मोराहून चांगले आहेत, हे मला कळत होतं आणि कुणीतरी मोठ्या माणसाने ते ओळखावं असं वाटत होतं. चौतीस पोरांचे चौतीस लोटे मी भिंतीवर लावले. बसलिंगचा दाराबाहेरून काढलेला लोटा बापाने ठेवून घेतला होता, म्हणून त्याचा पहिला, कानाचा लोटा लावला.

इन्स्पेक्टरसाहेब आले. शेरवानी, चष्मा, हातात छडी. मागे हेडमास्तर, त्यांच्यामागे गावचे प्रतिष्ठित म्हणून शिवलिंगप्पा. वर्ग उभा. लखू दारात उभा. टेबलावर लोटा. साहेबांनी भिंत पाहिली, लोटा पाहिला, पुन्हा भिंत पाहिली.

‘मास्टर, लोटा एक और शकलें चौतीस?’

‘जी, हर लड़के ने अपनी जगह से देखा है.’

एवढं बोलायची हिंमत होती माझ्यात. छडी फिरत फिरत लखूच्या कागदावर थांबली. ‘ये आधा किसने बनाया? बाकी आधा टूट गया था क्या?’ सगळे हसले. शिवलिंगप्पाही हसले. मग साहेब माझ्याकडे वळले आणि त्यांनी साधा, सरळ प्रश्न विचारला. ‘इनमें सही कौनसा है?’

उत्तर दोन शब्दांचं होतं. ‘सब सही.’ किंवा बोट लखूच्या कागदावर ठेवायचं, बोलायचीही गरज नव्हती. मी साहेबांकडे पाहिलं, हेडमास्तरांकडे पाहिलं, शिवलिंगप्पांकडे पाहिलं. दाराकडे पाहिलं नाही. आणि बसलिंगच्या लोट्यावर बोट ठेवलं.

साहेब काही मूर्ख नव्हते. चष्मा वर करून त्यांनी कागद आणि लोटा ताडून पाहिले. ‘मगर इसमें कान है. इस लोटे को तो नहीं.’

‘जी,’ मी म्हणालो.

ते हसून म्हणाले, ‘होना चाहिए था. खूबसूरत है.’

तो शेरा झाला. माझ्या कामाबद्दल समाधान, बसलिंगला बक्षीस म्हणून रंगपेटी. बसलिंगने ती घेतली आणि खाली मान घातली. त्याला खरं ठाऊक होतं. लोट्यावर बोट फिरवून पाहिलेला वर्गातला तो एकटाच मुलगा.

साहेब गेल्यावर मी भिंतीवरचे कागद काढत होतो. लखू उंबरठ्याशी आला. आत आला नाही.

‘मंग माजा चुकला का, गुरुजी?’

हेडमास्तर अजून वर्गात होते. मी म्हणालो, ‘हो.’

त्याने मान हलवली. रडला नाही, चिडला नाही. पुढच्या तासाला त्याने लोटा काढला. अख्खा, गोल तोंडाचा, सुबक कानाचा. मी दहापैकी नऊ दिले. त्यानंतर वर्षभर त्याने मला हवा तसाच लोटा काढून दिला, आणि मी नऊ देत राहिलो. मुआयन्यानंतर महिन्याभरात माझी नोकरी कायम झाली होती.

पुढे रझाकारांचं वर्ष आलं. शाळा कधी चालू, कधी बंद. यासीनचं कुटुंब हैदराबादला गेलं ते गेलंच. लखू बापाबरोबर पूर्णेला गेला. पोलीस ॲक्शननंतर राज्य बदललं, हेडमास्तर बदलले, भिंतीवरची तसबीर बदलली. नवा इन्स्पेक्टर आला, टोपी पांढरी. त्यानेही विचारलं, यातला नंबर एक कुठला? मला उत्तर पाठ होतं.

बऱ्याच वर्षांनी, निवृत्त व्हायच्या सुमारास, पूर्णेला एका लग्नाला गेलो होतो. तिथे कळलं की लक्ष्मणराव म्हणून लोको शेडमध्ये फिटर आहेत, ते मूळचे मानवतच्या शाळेतले. दुपारी त्यांच्या क्वार्टरवर गेलो. कामावर निघायच्या तयारीत होते. ओळखलं लगेच. पाया पडले नाहीत, ते बरं झालं. बायकोने चहा ठेवला.

‘चित्रं काढता का?’ मी विचारलं. त्यांना ‘अरे’ म्हणायला जीभ उचलेना.

‘न्हाई.’

‘का?’

‘येळ कुटं हाय?’ ते म्हणाले. मग बशीत चहा ओतता ओतता त्यांनीच विषय काढला. ‘गुरुजी, त्या फटक्यांचं मला कदी काय वाटलं न्हाई. फटके सगळेच मारायचे. पन तुमी भाईर येऊन माज्या जागी बसलात. तसं कुनी बसलं न्हाई, आजपोत्तर न्हाई. म्हनून त्या ‘हो’चा लय राग आला.’

मी म्हणालो, ‘माझं चुकलं, लक्ष्मणराव.’

त्यांनी बशी खाली ठेवली. ‘हे सायेबानं इचारलं तवा म्हनायचं हुतं. तवा ऐकायला सगळा वर्ग हुता, हेडमास्तर हुते, सायेब हुता. आता हितं कोन हाय? माजी बायको. तिला तर ठावंच हाय.’

बायको पदर तोंडाला लावून हसली. भोंगा झाला. ते उठले, टोपी घातली, ‘बसा, चहा संपवून जावा,’ म्हणाले आणि शेडकडे गेले. मी चहा संपवला.

त्या वर्गातले जे कुणी हयात असतील, आणि ज्यांच्या हाती हा अंक पडेल, त्यांना सांगतो. त्या दिवशी भिंतीवर लखूचं चित्र बरोबर होतं. मला ते माहीत होतं.